लग्नं जुळवणारी अविवाहिता

रविवारची जेवणं उरकून आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. गुरिंदर चढ्ढांचा २००४ सालचा 'ब्राइड अँड प्रेज्युडिस' लागला होता. अमृतसरचं बक्षी कुटुंब, घरात चार मुली, त्यांना उजवण्यासाठी आईचा चाललेला आटापिटा, मध्येच गोव्याची सहल आणि नाचगाणी. आमची आत्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. त्या आईत तिला तिची स्वतःची आई, म्हणजे माझी आजी दिसत होती. सिनेमा संपल्यावर तिने विचारलं, ही गोष्ट कोणाची? मी सांगितलं, जेन ऑस्टिन नावाच्या इंग्रज बाईची, दोनशे वर्षांपूर्वीची. आत्याचा पुढचा प्रश्न होता, तिचं स्वतःचं लग्न झालं होतं का? मी नाही म्हटलं, आणि आत्या गप्प झाली. आत्याचंही लग्न झालेलं नाही.

त्या संध्याकाळी मी तिला जेनची हकीकत सांगितली. तीच आज इथे मांडतो आहे.

जेनचा जन्म १६ डिसेंबर १७७५ चा, दक्षिण इंग्लंडमधल्या स्टीव्हन्टन या खेड्यातला. वडील जॉर्ज ऑस्टिन तिथले धर्मगुरू. आठ भावंडांत जेन सातवी. मुली दोनच, थोरली कॅसॅन्ड्रा आणि ही. मिळकत बेताची, पण घरात पुस्तकं भरपूर. जेन लहानपणापासून गोष्टी लिहून घरच्यांना वाचून दाखवी आणि घर हसून लोटपोट होई. एकविसाव्या वर्षी तिने जी कादंबरी लिहायला घेतली, तीच पुढे 'प्राइड अँड प्रेज्युडिस' झाली. १७९७ मध्ये वडिलांनी लंडनच्या एका प्रकाशकाला पत्र लिहून तिच्याविषयी विचारलं. हस्तलिखित न पाहताच त्याने नकार कळवला.

त्याच वर्षी कॅसॅन्ड्राचा वाग्दत्त वर वेस्ट इंडीजमध्ये तापाने गेला. तिने पुन्हा लग्नाचा विचार केला नाही. १८०१ मध्ये वडिलांनी स्टीव्हन्टन सोडून बाथ शहरात बिऱ्हाड केलं. जिथे पंचवीस वर्षं काढली ते घर सुटलं आणि जेनचं लिखाण जवळजवळ थंडावलं.

डिसेंबर १८०२ मध्ये दोघी बहिणी मॅनीडाउन या गढीवजा घरी मैत्रिणींकडे राहायला गेल्या होत्या. मैत्रिणींचा भाऊ हॅरिस एकवीस वर्षांचा आणि मोठ्या इस्टेटीचा वारस. त्याने जेनला मागणी घातली. ती सत्ताविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती. हुंड्याला पैसा नव्हता. होकार दिला की म्हाताऱ्या आईवडिलांची आणि बहिणीची काळजी मिटणार होती. तिने हो म्हटलं. घरात आनंदीआनंद झाला. रात्र गेली आणि सकाळी तिने शब्द परत घेतला. दोघी बहिणी गाडी करून निघून आल्या.

त्या रात्री तिच्या मनात काय चाललं होतं, याचा एक कागदही उरलेला नाही. जेनच्या पश्चात कॅसॅन्ड्राने तिची बहुतेक पत्रं जाळून टाकली.

या नकाराची किंमत लवकरच मोजावी लागली. १८०५ मध्ये वडील गेले. आई आणि दोन मुली भावांनी जमवून दिलेल्या पैशांवर, या गावाहून त्या गावी राहू लागल्या. अखेर १८०९ मध्ये एडवर्ड या भावाने त्यांना चॉटन गावात एक घर दिलं. श्रीमंत नातलगांना तो दत्तक गेलेला होता. त्या घरात खिडकीजवळच्या एका लहानशा टेबलावर जेनची लेखणी पुन्हा चालू लागली. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' १८११ मध्ये निघाली, तीही तोट्याची जबाबदारी तिनेच पत्करून. पण नफा झाला, १४० पौंड! 'प्राइड अँड प्रेज्युडिस' तिने ११० पौंडांना विकून टाकली. १८१३ मध्ये ती छापली गेली आणि गाजली, पण वाढीव फायदा प्रकाशकाच्या खिशात गेला. पुढे 'मॅन्सफील्ड पार्क' आणि 'एमा' आल्या. हयातीत एकाही पुस्तकावर तिचं नाव नव्हतं.

१८१६ पासून तब्येत ढासळत गेली. १८ जुलै १८१७ रोजी विंचेस्टर इथे, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, कॅसॅन्ड्राच्या सोबतीत तिने प्राण सोडला. तिथल्या मोठ्या चर्चमध्ये तिची कबर आहे. त्या शिळेवर तिच्या गुणांचं वर्णन आहे, पण ती कादंबऱ्या लिहीत असे याचा उल्लेख नाही.

आज तिच्या गोष्टींवर जगभर सिनेमे निघतात. आपल्याकडे १९८५ मध्ये दूरदर्शनवर 'तृष्णा' मालिका आली, २००० मध्ये तमिळ 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन', २०१० मध्ये 'आयशा'. २०१७ पासून इंग्लंडच्या दहा पौंडांच्या नोटेवर तिचा चेहरा आहे. तिच्या प्रत्येक कादंबरीचा शेवट लग्नाने होतो. पण केवळ पोटापाण्यासाठी केलेलं लग्न तिने नायिकेच्या वाट्याला येऊ दिलं नाही. ती सोय तिने स्वतःही नाकारली होती.

हकीकत संपली तेव्हा आत्याने एकच विचारलं. त्या एडवर्डने घर दिलं, ते वडील गेल्यावर किती वर्षांनी? मी म्हटलं, चार. ती काही बोलली नाही, उठून चहाचं आधण ठेवायला गेली. आजोबा गेल्यावर आमच्या वाड्यातली मागची खोली आत्याच्या नावावर करायला माझ्या वडिलांना आणि काकांना अकरा वर्षं लागली होती.