बिनभांडवली व्यायाम आणि औंधचे राजेसाहेब

१९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं इचलकरंजींत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हांपासून या गांवाचें भाग्य उघडलें हें खरें. परंतु त्याबरोबरच येथील कष्टाचें स्वरूपहि पालटलें. हातमागावर विणकराचे हात आणि पाय दोन्ही राबत असत. यंत्रमागावर माणूस पाळीभर उभा राहतो, डोळे सुतावर आणि कान खडखडाटांत. छाती भरून श्वास घेण्याचा प्रसंग क्वचितच येतो. गादीवर बसणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंची स्थिति तर याहून बिकट. पोट सुटतें, गुडघे धरतात, आणि चाळिशींतच जिना चढतांना धाप लागते. व्यायाम करा म्हटलें तर तीन उत्तरें ठरलेलीं: वेळ नाहीं, जागा नाहीं, पैसा नाहीं. या तिन्ही सबबींस ज्यांनीं आपल्या आयुष्यानें उत्तर दिलें, त्या औंधच्या राजेसाहेबांचें, म्हणजे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचें, चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजीं झाला. पुण्यास डेक्कन कॉलेजांत शिकून ते बी. ए. झाले. त्या काळीं युरोपांत सँडो या मल्लाची कीर्ति गाजत होती. भवानरावांनीं १८९७ सालीं त्याच्या पद्धतीचें सारें साहित्य व पुस्तक विकत घेतलें आणि सुमारें दहा वर्षें तो व्यायाम नेमानें केला. म्हणजे पैसा टाकून जें मिळतें तें त्यांनीं पुरतें अनुभवलें होतें. पुढें १९०८ च्या सुमारास त्यांचे स्नेही, मिरजेचे अधिपति, यांच्या आग्रहावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग तो नेम त्यांनीं सोडला नाहीं.

येथें इचलकरंजीकरांस अभिमान वाटावा असा एक धागा आहे. मिरजेच्या पटवर्धन घराण्याचे मूळ पुरुष हरभट हे कोंकणांतून येऊन इचलकरंजीच्या घोरपड्यांचे उपाध्याय झाले, आणि त्या आश्रयावरच पुढें त्या घराण्याचा उत्कर्ष झाला. ज्या मिरजेनें औंधास नमस्काराची दीक्षा दिली, तिचा पाया असा आमच्याच गांवीं घातला गेला.

औंधच्या पद्धतींत एका नमस्काराचे दहा अंक आहेत. उभें राहणें, ओणवें होऊन तळहात भूमीस टेकणें, एक पाय मागें नेणें, मग दुसरा. नंतर साष्टांग, म्हणजे कपाळ, छाती, दोन तळहात, दोन गुडघे व दोन चवडे एवढेंच भूमीस लागावें, पोट लागूं नये. मग छाती उचलून मान मागें नेणें, आणि त्याच क्रमानें परत उभें राहणें. यांत वजन बाहेरून आणावें लागत नाहीं. स्वतःचेंच शरीर दंडांवर आणि खांद्यांवर तोलावें लागतें, कणा पुढेंमागें वांकतो, मांड्यांच्या मागच्या शिरा ताणल्या जातात, आणि श्वास हालचालीशीं जुळवावा लागतो. भांडवल काय, तर एक सतरंजी आणि निजण्यापुरती जागा.

१९०९ सालीं भवानराव गादीवर आले. त्यांनीं हा व्यायाम स्वतःपुरता ठेवला नाहीं. संस्थानच्या शाळांतून तो सुरू केला, गांवोगांव व्याख्यानें दिलीं आणि स्वतः नमस्कार घालून दाखविले. आपण करावें आणि मग सांगावें, हा त्यांचा क्रम होता. राणीसाहेबहि नमस्कार घालीत. स्त्रियांस व्यायाम वर्ज्य मानणाऱ्या त्या काळीं ही गोष्ट लहान नव्हती. १९३८ सालीं त्यांच्या पद्धतीचें पुस्तक लंडनमध्यें इंग्रजींत निघालें, आणि देवघरापुढचा हा व्यायाम परदेशांतहि पोंचला.

याच राजानें १९१० च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांस कुंडलजवळ माळरान व साह्य देऊन कारखाना उभारूं दिला, आणि १९३९ सालीं गांधीजींच्या सल्ल्यानें तयार झालेली राज्यघटना देऊन आपली सत्ता ग्रामपंचायतींच्या हातीं सोंपविली. आमच्या मतें या साऱ्या गोष्टींचें मूळ एकच आहे. शक्ति राजवाड्यांत सांठवून ठेवण्याची वस्तु नव्हे. ती घरोघरीं, माणसामाणसाच्या ठायीं उत्पन्न झाली पाहिजे. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें आणि १९५१ सालीं, वयाच्या ८२ व्या वर्षीं, भवानराव निवर्तले. राज्य राहिलें नाहीं, नमस्कार राहिला.

त्यांचें सारेंच मत आम्हांस मान्य आहे असें मात्र नाहीं. नमस्कारानें बहुतेक रोग हटतात, हा त्यांचा विश्वास आजच्या वैद्यकास पटणारा नाहीं. रक्तदाब, हृद्रोग वा कंबरेचें दुखणें असणाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारूनच आरंभ करावा. शाळांतील सक्तीनें कवाईत होते, आवड उत्पन्न होत नाहीं. आणि मंत्रांविषयीं म्हणाल, तर ज्यास ते म्हणावयाचे आहेत त्यानें म्हणावे. परंतु इतर धर्मांच्या आमच्या बांधवांनीं तेवढ्यासाठीं या हालचालींस दूर लोटूं नये, आणि कोणीं त्यांजवर मंत्रांचा आग्रहहि धरूं नये. दंड आणि फुप्फुसें यांस जातपात नाहीं.

आतां आमची सूचना. पहिल्या आठवड्यांत रोज पांचच नमस्कार घालावे. मग दर आठवड्यास दोन वाढवावे. जोडीस थोड्या बैठका असाव्या. पाळी रात्रीची असेल तर झोंपेनंतर, जेवणापूर्वीं करावें. घरांतील स्त्रियांस चुलीपासून तेवढा वेळ मोकळा करून देणें हें पुरुषांचें कर्तव्य समजावें. व्यापारी बंधूंस हिशेब आम्हीं शिकवावा असें नाहीं. परंतु रोज थोडी थोडी टाकलेली शिल्लक वर्षाअखेर किती होते, हें त्यांच्याइतकें कोण जाणतो? एका राजानें विकत आणलेलीं साधनें बाजूस सारून ही खातेवही उघडली आणि चाळीस वर्षें तींत खाडा पडूं दिला नाहीं. आमच्या गांवानें निदान पहिलें पान तरी लिहावें.