सम्राट क्लॉडियस

रोमचा सम्राट क्लॉडियस याचा जन्म इसवी सनापूर्वी १० साली लुग्दुनुम या नगरात झाला. फ्रान्समधील आजचे लिओं शहर ते हेच. तो जेमतेम एक वर्षाचा असताना त्याचे वडील वारले. बालपणीच्या दुखण्यांनी तो अधू झाला. चालताना तो लंगडे, बोलताना त्याची जीभ अडखळे. घरची माणसेच त्याची हेटाळणी करीत. खुद्द आईलाही त्याची लाज वाटे.

या उपेक्षेत क्लॉडियसने ग्रंथांशी मैत्री जोडली. लिव्ही या थोर इतिहासकाराने त्याला इतिहासलेखनास उत्तेजन दिले. रोमच्या उत्तरेस एट्रुस्कन लोकांची नगरे होती. रोमचा उत्कर्ष होण्यापूर्वीच ती वैभवाला पोहोचली होती. पुढे रोमनांनी त्यांना जिंकले आणि त्यांची भाषाही हळूहळू मागे पडली. क्लॉडियसची पहिली पत्नी याच लोकांच्या वंशातील होती. एट्रुस्कनांचा इतिहास त्याने ग्रीक भाषेत २० खंडांत लिहिला.

इ. स. ४१ मध्ये सम्राट कॅलिग्युलाचा खून झाला. भयभीत क्लॉडियस राजवाड्यात पडद्याआड लपून बसला. एका शिपायाने त्याला बाहेर ओढले. पण मारण्याऐवजी सैनिकांनी त्यालाच सम्राट केले! ज्याला सर्वांनी निरुपयोगी ठरविले होते, त्याने १३ वर्षे राज्य केले. त्याने ऑस्टियाजवळ मोठे बंदर बांधले आणि रोमला दूरवरून पाणी आणले. रोमन लिपीत त्याने ३ नवी अक्षरे घातली. मात्र त्याच्यामागे ती टिकली नाहीत. एट्रुस्कनांची शकुनविद्या लोप पावू नये, म्हणून इ. स. ४७ मध्ये त्याने रोमच्या राजसभेत तिची बाजू मांडली. अलेक्झांड्रिया येथे आपला इतिहास दरवर्षी जाहीरपणे वाचला जावा, अशी व्यवस्थाही त्याने केली.

इ. स. ५४ मध्ये क्लॉडियस मरण पावला. कालांतराने ते २० खंड नष्ट झाले. एट्रुस्कन भाषेचे १०,००० हून अधिक लेख आज उपलब्ध आहेत. त्यांची अक्षरे ग्रीक अक्षरांवरून घेतलेली असल्याने ती वाचता येतात. परंतु अनेक शब्दांचा अर्थ लागत नाही. बहुतेक लेख थडग्यांवरचे व त्रोटक आहेत.

तरीही क्लॉडियसच्या विद्वत्तेची एक खूण उरली. इ. स. १५२८ मध्ये लिओं येथे काशाचा एक पट सापडला. त्यावर त्याचे इ. स. ४८ मधील भाषण कोरलेले आहे. रोमचा प्राचीन राजा सर्व्हियस टुलियस याला एट्रुस्कन लोक मास्टार्ना म्हणत, असे त्यात सांगितले आहे. पुढे इ. स. १८५७ मध्ये व्हुल्ची येथील एका एट्रुस्कन थडग्यात भिंतीवर वीरांची चित्रे आढळली. त्यांतील एक वीर बंदिवानाचे पाश तोडीत आहे, आणि त्याच्याजवळ एट्रुस्कन अक्षरांत मास्टार्नाचेच नाव लिहिले आहे. ज्याच्या बोलण्याला घरचे लोक हसत, त्याच्या शब्दाला सुमारे १,८०० वर्षांनी एका मूक भिंतीने साक्ष दिली.