हाफकिन आणि एका बाटलीचा ठपका

कांजूरमार्गहून स्लो लोकलने परळला उतरलं की हाफकिन संस्था जवळच आहे. ते नाव ज्यांचं, ते वॉल्देमार हाफकिन १८६० साली ओडेसात जन्मले. मुंबईत प्लेग पसरल्यावर त्यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःलाच टोचून घेतली.

पण खरी गोष्ट १९०२ ची. पंजाबातल्या मुलकोवालमध्ये परळच्या लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, नोकरी गेली.

आता लॉग वाचतो तसं बघा. बाटली उघडली तेव्हा वास नव्हता. जंतू आधीच आत वाढले असते तर घाण वास आला असता. गावात बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून वापरला. धनुर्वाताचे बीजाणू तेवढ्याने मरत नाहीत. (आज आयसीयूत औषधांना न जुमानणारे जंतूही अनेकदा अस्वच्छ हात आणि उपकरणांवरून पेशंटपर्यंत पोचतात.)

रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ पाठीशी उभे राहिले, १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पण परतले ते कलकत्त्याला, परळला नाही. संस्थेला त्यांचं नाव १९२५ मध्ये मिळालं. पाच वर्षांनी ते गेले.