डॉ. टॉमस आर्मिटेज आणि आंधळ्यांचें पंचमंडळ

बक्षीससमारंभाच्या दिवशीं व्यासपीठावर पहिल्या रांगेंत जी मंडळी बसलेली दिसते, तिला आपण शाळेचें व्यवस्थापक मंडळ म्हणतों. मुलांस त्यांचीं नांवें ठाऊक नसतात, पालकांसही क्वचितच असतात. तथापि फी किती असावी, इमारत कोठें बांधावी, पैसा कशावर खर्चावा, हें सारें त्या खुर्च्यांवर ठरतें. त्या खुर्च्यांवर कोणीं बसावें? हा प्रश्न बहुतेकांच्या मनांत येतच नाहीं. ज्यांच्या मनांत तो आला, व ज्यांनीं त्याचें उत्तर आपल्या संस्थेच्या नियमांतच लिहून ठेविलें, अशा एका गृहस्थांचें चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढें ठेवीत आहों.

टॉमस ऱ्होड्स आर्मिटेज यांचा जन्म २ एप्रिल १८२४ रोजीं इंग्लंडांत ससेक्स परगण्यांत टिलगेट हॉल येथें झाला. घराणें मूळचें यॉर्कशायरमधील लीड्सकडील, कारखानदारीवर धनवान झालेलें. थोरले बंधु एडवर्ड हे पुढें चित्रकार म्हणून नांवाजले. टॉमस यांचें बालपण पुष्कळसें फ्रान्स व जर्मनी या देशांत गेलें. पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठांत व मागाहून लंडनच्या किंग्ज कॉलेजांत त्यांनीं विद्या संपादिली, आणि वैद्यकीचा धंदा पतकरिला. लंडनच्या मॅरिलबोन दवाखान्यांत त्यांनीं काम केलें. पुढें इतर रुग्णालयांशींही त्यांचा संबंध आला, व एक चांगला डॉक्टर म्हणून त्यांचा लौकिक वाढत चालला. परंतु दृष्टि अधू होऊं लागली. १८६० सालीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, त्यांस वैद्यकी कायमची सोडून द्यावी लागली.

घरीं संपत्ति होती. उरलेलें आयुष्य आरामखुर्चींत घालविलें असतें तरी कोणीं नांवें ठेविलीं नसतीं. तसें न करितां आर्मिटेज हे लंडनमधील गरीब आंधळ्यांच्या घरीं जाऊन त्यांचा समाचार घेणाऱ्या एका जुन्या संस्थेचें काम करूं लागले. ज्या माणसानें इतकीं वर्षें रोग्यांच्या खाटेजवळ बसून त्यांची हकीकत ऐकिली होती, तो आतां त्याच संवयीनें गल्लीबोळांतील काळोख्या खोल्यांत आंधळ्यांजवळ बसूं लागला. फरक एवढाच कीं आतां तोही त्यांच्यांतलाच एक होता.

तेथें त्यांच्या ध्यानांत एक विलक्षण गोष्ट आली. इंग्लंडांत आंधळ्यांसाठीं शाळा होत्या, आश्रम होते, वर्गणी देणारे उदार लोक होते. पुस्तकेंही होतीं, आणि त्यांत धर्मग्रंथांचे भाग विशेष असत. परंतु हीं पुस्तकें एका लिपींत नव्हतीं. कोणी साधीं रोमन अक्षरेंच कागदावर उठवून छापीत. ब्रिस्टलच्या लूकसची लिपि लघुलेखनाच्या धर्तीची, फ्रीअरची उच्चारांवर बसविलेली, तर ब्रायटनच्या विल्यम मून यांनीं, जे स्वतः अंध होते, १८४५ च्या सुमारास सोप्या रेषांची आपली निराळीच लिपि काढिली होती. एका गांवच्या शाळेंत शिकलेल्या आंधळ्याला दुसऱ्या गांवचें पुस्तक वाचतां येईना. आधींच थोडीं असलेलीं पुस्तकें अशीं वांटलीं जाऊन प्रत्येकाच्या वांट्यास जवळजवळ कांहींच येत नसे. शिवाय जो तो आपल्याच लिपीचा पुरस्कार करी, कारण तिचे ठसे, तिचा छापखाना, तिची वर्गणी हीं त्याचीं होतीं.

डोळस मंडळींचा ओढा बहुधा उठावदार रोमन अक्षरांकडे असे. तीं त्यांस दिसावयास सुबक वाटत, व आपल्यालाही वाचतां येत. गेल्या वर्षीं आम्ही आमच्या वर्गांत एक लहानसा प्रयोग केला. जाड पुठ्ठ्याचीं देवनागरी अक्षरें कापून पाटीवर चिकटविलीं, आणि मुलांच्या डोळ्यांस रुमाल बांधून तीं चाचपावयास लाविलीं. प आणि ष, भ आणि म, घ आणि ध यांत बोटांस कांहीं फरक कळेना. एका मुलीला तर स्वतःच्या नांवाचें पहिलें अक्षरही ओळखतां आलें नाहीं. मग जाड कागदावर दाभणानें टोंचून उंच टिंबें उठवून दिलीं. दोन टिंबें कोणतीं आणि तीन कोणतीं, हें मात्र सर्वांस तत्काळ समजलें. डोळ्याला जें सुंदर तें बोटाला सुगम असतेंच असें नाहीं, ही गोष्ट त्या तासाला जितकी पटली तितकी आमच्या व्याख्यानानें पटली नसती.

टिंबांची लिपि तेव्हां अस्तित्वांत होती. पॅरिसच्या अंधशाळेंतील लुई ब्रेल या अंध शिक्षकानें ती रचिली होती. सहा टिंबांच्या उलटसुलट मांडणींतून सर्व अक्षरें, आंकडे व संगीताच्या खुणाही तींत साधत. ब्रेल १८५२ सालीं वारला, आणि दोन वर्षांनीं, म्हणजे १८५४ सालीं, खुद्द त्याच्या शाळेनें ती लिपि अधिकृतपणें स्वीकारिली. इंग्लंडांत मात्र तिला फारसें कोणी विचारीत नव्हतें.

१६ ऑक्टोबर १८६८ रोजीं लंडनमधील केंब्रिज स्क्वेअर येथील आर्मिटेज यांच्या घरीं चार गृहस्थ जमले. यजमानांखेरीज डॅनिएल कॉनोली, डब्ल्यू. डब्ल्यू. फेन व डॉ. जेम्स गेल हे तिघे होते. फेन हे दृष्टि जाण्यापूर्वीं चित्रें काढीत असत. गेल यांनीं बंदुकीची दारू निर्धोकपणें सांठविण्याची युक्ति शोधिली होती. चौघेही अंध किंवा जवळजवळ अंध. आंधळ्यांच्या वाङ्मयाची सुधारणा हा हेतु ठेवून त्यांनीं एक संस्था स्थापिली. पुढें तीच ब्रिटिश अँड फॉरिन ब्लाइंड असोसिएशन या नांवानें प्रसिद्धीस आली.

लिपीचा निवाडा करावयाचा तर पंच कोण असावेत? येथें आर्मिटेज यांनीं तो नियम घातला, ज्यासाठीं आम्हांला हें चरित्र सांगावेंसें वाटलें. संस्थेच्या कार्यकारी मंडळावर बसणारा मनुष्य दृष्टिहीन असला पाहिजे, म्हणजे वाचनासाठीं त्याला स्वतःच्या बोटांवांचून दुसरें साधन नसावें. त्याला निदान तीन निरनिराळ्या लिपि बोटांनीं वाचतां आल्या पाहिजेत. आणि कोणत्याही लिपींत त्याचा पैशाचा हितसंबंध असतां कामा नये.

वाचकांनीं या तीन अटी एकमेकींशीं जुळवून पाहाव्यात. पहिली अट एकटी असती तर केवळ आंधळेपणा हीच योग्यता ठरली असती. मग ज्याला एकच लिपि येते तो आपल्या संवयीलाच न्याय म्हणता. दुसरीनें तें दार बंद केलें. तरीही एखादा विद्वान् लिपिकार आपल्याच ठशांच्या बाजूनें मत देता. तिसरीनें त्यालाही बाहेर ठेविलें. मून यांच्यासारखा अंध, परोपकारी व सर्वमान्य पुरुषही या मंडळावर बसूं शकत नव्हता. हा नियम कोणास कठोर वाटेल, आणि तो कठोर होताच; परंतु न्यायाधीशानें स्वतःच्या दाव्यांत निकाल देऊं नये ही जी रीत आपण कचेरींत मानतों, तीच आर्मिटेज यांनीं परोपकाराच्या कामांत आणिली. धर्मादाय कामांत असा हिशेब पाहणें तेव्हां असभ्यपणाचें वाटत असे. पुष्कळ ठिकाणीं आजही वाटतें.

डोळस लोकांचें साहाय्य त्यांनीं नाकारिलें असें मात्र नव्हे. वर्गणी, श्रम, सल्ला, सर्व कांहीं घेतलें. फक्त निर्णय दिला नाहीं.

या मंडळानें घाई केली नाहीं. सुमारें दोन वर्षें निरनिराळ्या लिपि बोटांखालीं घालून, वाचणाऱ्या आंधळ्यांस विचारून, परदेशांतील अनुभव मिळवून त्यांनीं तुलना केली. आर्मिटेज यांचें फ्रान्स व जर्मनीमधील बालपण येथें कामीं आलें. अखेर १८७० सालीं मंडळाचें मत ब्रेलच्या बाजूनें पडलें. वाचन जलद होतें हें एक कारण. परंतु त्याहून मोठें असें कीं ती लिपि आंधळ्याला स्वतः लिहितां येते. उठावाचीं रोमन अक्षरें दुसऱ्यानें छापावीं आणि आंधळ्यानें वाचावीं, एवढाच व्यवहार होता. लहानशी चौकट व टोंचणी हातांत येतांच तो पत्र लिहूं लागला, हिशेब ठेवूं लागला, गाण्याचे स्वर टिपूं लागला.

विरोध झाला. टिंबांची लिपि आंधळ्यांस डोळसांपासून तोडील, आईबापांस व शिक्षकांस ती वाचतां येणार नाहीं, असा जुन्या संस्थांच्या चालकांचा आक्षेप होता. हे चालक दुष्ट नव्हते. त्यांनीं वर्षानुवर्षें पदरमोड करून शाळा चालविल्या होत्या, आणि आम्ही शिक्षक असल्यामुळें त्यांची अडचण आम्हांस थोडी समजते. नवी लिपि शिक्षकालाच आधीं शिकावी लागते! परंतु शिक्षकाची सोय व विद्यार्थ्याची गरज यांपैकीं कोणती आधीं पाहावयाची, हें त्या जुन्या मंडळांतून कोणी विचारीत नव्हतें, कारण विचारणारा तेथें बसलेलाच नव्हता.

१८७१ सालीं आर्मिटेज यांनीं आंधळ्यांचें शिक्षण व उद्योग या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. संस्थेनें ब्रेल लिपींत पुस्तकें तयार करविलीं. त्यांतील पुष्कळ प्रथम हातानेंच उतरून काढावीं लागत, आणि हें नकलांचें काम वेतन देऊन अंध माणसांकडूनच करून घेत. म्हणजे एकाला वाचावयास पुस्तक मिळे व दुसऱ्याला मजुरी. लिहिण्याच्या स्वस्त चौकटी व उठावाचे नकाशेही निघाले.

याच सुमारास फ्रान्सिस कॅम्बेल नांवाचे एक अंध अमेरिकन संगीतशिक्षक लंडनांत आले. ते पुढें जाणारे पाहुणे होते. आर्मिटेज यांनीं त्यांस राहवून घेतलें. दोघांच्या प्रयत्नानें १८७२ सालीं लंडनच्या दक्षिणेस अपर नॉरवुड येथें आंधळ्यांचें नॉर्मल कॉलेज सुरू झालें. पॅरिसची अंधशाळा आपल्या विद्यार्थ्यांस वादक व पियानो जुळविणारे कारागीर करून पोटास लावीत होती. तेंच इंग्लंडांत करून दाखवावें हा हेतु होता. आर्मिटेज यांनीं त्यासाठीं स्वतःचा पैसा सढळ हातानें ओतला. कॅम्बेल हे मोठे धाडसी पुरुष. १८८० सालीं त्यांनीं माँ ब्लाँ हें आल्प्समधील शिखर चढून दाखविलें. आमच्या विद्यार्थ्यांस हा भाग अधिक आवडेल हें आम्ही जाणून आहों.

सरकारनें अंध व बधिर यांच्या स्थितीची चौकशी करण्यास जें शाही कमिशन नेमिलें, त्यावर आर्मिटेज हे सभासद होते. १८८९ सालीं त्याचा अहवाल निघाला, व १८९३ सालीं इंग्लंडांत अंध व बधिर मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. तो पाहण्यास आर्मिटेज राहिले नाहींत. १८९० च्या ऑक्टोबरांत आयर्लंडमध्यें घोड्यावरून पडून झालेल्या अपघातानें त्यांचें देहावसान झालें. तोंपर्यंत ज्या लिपीला इंग्लंडांत कोणी विचारीत नव्हतें, ती बहुतेक अंधशाळांत शिरली होती.

मागें राहिलेल्या संस्थेची वाट सरळ गेली नाहीं. ती वाढली, १९१४ सालीं तिचें नांव नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर द ब्लाइंड असें झालें, मोठी इमारत झाली; आणि जसजसा पसारा वाढला तसतसा संस्थापकांचा नियम मागें पडून कारभार बराचसा डोळसांच्या हातीं गेला. १९२० सालीं अंध कामगार लीड्स, मँचेस्टर व न्यूपोर्ट येथून पायीं चालत लंडनला आले व त्यांनीं दानाऐवजीं हक्क मागितला. संस्थेच्या नांवांत आंधळ्यांसाठीं हा अर्थ होता. तो बदलून आंधळ्यांची असा अर्थ २००२ सालीं झाला, आणि अंध व अधू दृष्टीचे लोक तिचे सभासद होऊं लागले. पहिल्या सभेपासून १३४ वर्षें लोटलीं होतीं. यानंतरही सर्व सुरळीत चाललें असें नाहीं. तिच्या एका बालगृहांतील मुलांची नीट निगा राहिली नाहीं म्हणून २०२० सालीं सरकारी चौकशींत विश्वस्तांच्या देखरेखीवर ठपका आला. खुर्चीवर कोण बसतो याबरोबर तो तेथें बसून काय पाहतो, हेंही आर्मिटेज यांनीं आपल्या दुसऱ्या अटींत विचारिलें होतें.

आपल्या देशांतही लिप्यांचा तोच गोंधळ एकदां माजला होता. मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनीं १९०० सालीं आंधळ्यांची शाळा काढिली. ती पुढें दादर येथें नांवारूपास आली. परंतु प्रांतोप्रांतीं निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळ्या टिंबलिप्या बसविल्या होत्या, आणि एका प्रांताचें पुस्तक दुसऱ्यास चालेना. १९४९ सालीं हिंदुस्थान सरकारनें हा प्रश्न युनेस्कोकडे नेला. तेथें या कामाचे सल्लागार होते न्यूझीलंडचे सर क्लूथा मॅकेंझी, जे पहिल्या महायुद्धांत गॅलिपोली येथें दृष्टि गमावून बसले होते. इकडे शिक्षणखात्यांत लाल अडवाणी हे अंध अधिकारी होते. १९५१ सालीं सर्व भारतीय भाषांसाठीं एक भारती ब्रेल ठरली. क हें अक्षर डाव्या रांगेंतील वरचें व खालचें अशा दोन टिंबांचें आहे. मराठी, गुजराती किंवा बंगाली मुलाच्या बोटाखालीं तें सारखेंच लागतें, आणि लंडनच्या मुलाला त्याच दोन टिंबांत के वाचतां येतो.