हिमाचा विद्यार्थी : रोआल्ड आमुंडसेन

नॉर्वे देशांत हिवाळ्यांत हिम पडूं लागलें, म्हणजे लोक पायांना लांकडाच्या लांब पट्ट्या बांधून त्यावरून वेगानें घसरत जातात. त्यांना हिम हा अडथळा वाटत नाहीं, रस्ता वाटतो. अशा देशांत १६ जुलै १८७२ रोजीं रोआल्ड आमुंडसेन याचा जन्म झाला. मुलानें डॉक्टर व्हावें अशी मातोश्रींची इच्छा होती. १८९३ सालीं त्या निवर्तल्यावर त्यानें वैद्यकाचा अभ्यास सोडिला व ध्रुवप्रदेशाच्या संशोधनास वाहून घेतलें.

१९०३ सालीं सहा सोबती घेऊन 'योआ' नांवाच्या लहानशा जहाजांतून तो अमेरिका खंडाच्या उत्तरेकडील समुद्रमार्ग आक्रमण्यास निघाला. वाटेंत किंग विल्यम बेटावर त्यानें दोन हिवाळे काढिले. तेथें नेत्सिलिक इन्युइट लोकांशीं त्याचा स्नेह जडला. त्या काळचे पुष्कळ युरोपीय या लोकांस रानटी लेखीत. आमुंडसेन मात्र त्यांचा शिष्य झाला. ज्या हिमानें माणूस गारठून मरावयाचा, त्याच हिमाचे चिरे कापून हे लोक घुमटाकार घर रचीत व त्यांत उबेनें राहात. रेनडिअरच्या कातड्याचे त्यांचे कपडे सैल असत. त्यामुळें आंत उबदार हवा राही आणि घामानें अंग भिजत नसे. कडाक्याच्या थंडींत भिजलेलें वस्त्र म्हणजे मृत्यूच. ही विद्या व कुत्र्यांची घसरगाडी हांकण्याची कला त्यानें मनापासून आत्मसात केली, आणि १९०६ सालीं तो जलप्रवास तडीस नेला.

या शिक्षणाची खरी परीक्षा दक्षिण ध्रुवावर झाली. इंग्रज कप्तान स्कॉट याचीही स्वारी त्याच वेळीं निघाली होती. स्कॉटची यांत्रिक वाहनें व तट्टें हिमांत निकामी ठरलीं आणि अखेर माणसांनाच गाड्या ओढाव्या लागल्या. आमुंडसेन कातड्याचे कपडे व कुत्र्यांच्या गाड्या घेऊन १४ डिसेंबर १९११ रोजीं चार सोबत्यांसह ध्रुवावर पोंचला. त्यासाठीं बऱ्याच कुत्र्यांना मात्र प्राणांस मुकावें लागलें. स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजीं तेथें पोंचला. परतींत तो व त्याचे चारही सोबती मरण पावले. त्यांच्या धैर्यांत तिळमात्र उणें नव्हतें.

१९२८ सालीं इटालियन वैमानिक नोबिले उत्तरध्रुवप्रदेशांत संकटांत सांपडला. दोघांचें पूर्वीं वैमनस्य होतें. तरीही आमुंडसेन त्याच्या शोधार्थ विमानानें निघाला. तो १८ जूनचा दिवस. विमान परत आलें नाहीं.

बालमित्रहो, शौर्य पुष्कळांपाशीं असतें. परंतु ज्यांना जग अडाणी म्हणतें त्यांच्या पायाशीं बसून शिकण्याची नम्रता विरळा. आमुंडसेनच्या यशाचें बीज त्या नम्रतेंतच होतें.