तांबड्या दिव्याच्या उजेडात

जव्हारहून नाशिककडे निघालेली एस.टी. मोखाडा मागे टाकते, घाट चढते आणि त्र्यंबकेश्वरला पोचते. ज्योतिर्लिंगासाठी आणि गोदावरीच्या उगमासाठी हे गाव साऱ्या देशाला ठाऊक आहे. त्याच गावी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेबांना सगळेच ओळखतात. 'राजा हरिश्चंद्र' हे नाव आणि १९१३ हे साल पाठ केले की परीक्षेपुरते काम भागते. मला मात्र त्याआधीचे फाळके अधिक जवळचे वाटतात. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी वीसेक वर्षे हा माणूस कॅमेरा, रसायने आणि छपाईचे ठसे यांतच वावरत होता. चित्र टिपून झाल्यावर त्याचे पुढे काय करायचे, हाच त्याचा खरा उद्योग होता.

हे सांगण्याला कारण आहे. पावसाळा सरला की आम्ही विद्यार्थी जव्हारच्या सनसेट पॉइंटवर जातो. सूर्य दरीपलीकडे उतरतो, सगळ्यांचे मोबाइल वर होतात, आणि घरी पोचेपर्यंत त्या फोटोतला तांबडा रंग वाढवून, मधे आलेली विजेची तार पुसून तो मित्रांना गेलेलाही असतो. मग वाद! एक पक्ष म्हणतो, काढला तसाच ठेवावा, हात लावला की फोटो खोटा झाला. दुसरा म्हणतो, डोळ्यांना दिसले ते मोबाइलला कुठे दिसले? या वादात फाळक्यांची साक्ष काढावी असे मला फार दिवस वाटत होते.

त्यांचे वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित होते. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांना शिकवण्याची नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड मुंबईला आले. शास्त्र्याच्या या मुलाने १८८५ साली जे. जे. कलाशाळेत नाव घातले आणि १८९० च्या सुमारास तो बडोद्याच्या कलाभवनात गेला. चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला आणि त्यांच्या जोडीला छायाचित्रण. प्राध्यापक गज्जरांनी तिथली छायाचित्रणाची प्रयोगशाळा त्याला वापरायला दिली. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याचे खरे शिक्षण अंधारखोलीत झाले.

आता त्या अंधारखोलीची गंमत पाहा. त्या काळच्या काचेला निळा उजेड चटकन कळे, तांबडा मात्र जवळजवळ कळतच नसे. म्हणून तर तांबडा दिवा लावून तिथे काम करता येई. त्या उजेडाने काच बिघडत नसे. याचा अर्थ असा की ज्या रंगासाठी आपण सनसेट पॉइंटची वाट धरतो, तो रंग त्या काचेच्या लेखी काळोखच होता. दिवसाचे निळे आभाळ उलट इतके पांढरे फटक उमटे की त्यातले ढग नाहीसे होत. त्यावर तोड म्हणून १८५० नंतरच्या दशकात फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रे याने समुद्राची एक आणि आभाळाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह एकाच कागदावर छापल्या. तेव्हा आभाळ बदलण्याची युक्ती मोबाइलने काढली या भ्रमात कोणी राहू नये. ती दीडशे वर्षांहून जुनी आहे.

कलाभवनानंतर फाळक्यांनी गोध्ऱ्याला छायाचित्रांचा धंदा मांडला. तिथे प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल नेले. पुन्हा बडोद्याला येऊन दुकान थाटले, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो अशी समजूत लोकांत पसरलेली, गिऱ्हाईक फिरकेना. आपण याला हसतो. पण माझ्या आजोबांचा एकही फोटो आमच्या घरात नाही. ते कॅमेऱ्यासमोर उभेच राहत नसत. त्यामुळे फाळक्यांच्या ओस पडलेल्या दुकानाची गोष्ट वाचताना मला हसू येत नाही.

१९०३ मध्ये ते पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार म्हणून लागले. ती नोकरी सोडून लोणावळ्याला छापखाना काढला, राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम केले, आणि १९०९ साली थेट जर्मनी गाठून रंगीत छपाईची यंत्रे व तंत्र घेऊन परतले. तीनरंगी छपाई म्हणजे एकाच चित्राची तीन रंगांच्या काचांमधून तीन निगेटिव्ह घ्यायची, तीन ठसे करायचे आणि पिवळी, तांबडी, निळी शाई एकावर एक अशी छापायची. ठसा केसभर सरकला तरी चित्र फाटल्यासारखे दिसते. अंधारखोलीत न दिसणारा तांबडा कागदावर आणायला एवढी यातायात! आम्ही तो बोट सरकवून आणतो.

भागीदारांशी बिनसले आणि छापखाना सुटला. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांच्या डोक्यात कृष्ण-राम पडद्यावर आणायचे वेड शिरले. चित्रपट पाहून पाहून डोळे इतके शिणले की काही काळ दिसेनासे झाले. डोळे बरे होताच विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा मागवला. पैसेवाल्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज थोडी थोडी फिल्म घेत अंकुराचा वेल होताना दाखवला. मला तर हे त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते. त्यात खोटे काहीच नाही, आणि तरीही एवढ्या वेगाने वाढणारा वेल जगात कुणी पाहिलेला नव्हता.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. लांबी सुमारे ३,७०० फूट. विजेचे दिवे नव्हते, सगळे चित्रण सूर्याच्या भरवशावर. तो कलला की काम आटोपायचे. उन्हात तासन् तास पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायला उभ्या राहत त्या सरस्वतीबाई, दादासाहेबांच्या दुसऱ्या पत्नी. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, रात्री अंधारात फिल्मच्या कडेला भोके पाडणे, फिल्म धुणे, हेही त्यांच्याच हातचे. भांडवलासाठी दागिने गेले तेही त्यांचेच. पुस्तकात त्यांना मिळते ती एखादी ओळ.

फाळक्यांचा कॅमेरा बहुधा एका जागी खिळलेला असे. माणसे, झाडे, देऊळ यांची मांडणी ते चित्रकाराच्या नजरेने चौकटीत करीत. पुढे 'लंकादहन'मध्ये एकाच साळुंक्यांनी राम आणि सीता दोघेही केले. देव प्रकट करायचा तर कॅमेरा थांबवायचा, नटाला उभे करायचे, पुन्हा सुरू करायचा. वाटाण्याचा वेल दाखवणारा आणि हवेतून देव आणणारा माणूस एकच होता. माझ्या मते आमच्या वादातला प्रश्न फोटोला हात लावला की नाही हा नव्हे. पाहणाऱ्याला तुम्ही वेल दाखवता आहात की देव, हे त्याला कळते की नाही, हा आहे. तार पुसलेला सूर्यास्त जव्हारचा म्हणून खुशाल दाखवावा. दुसरीकडचे ढग चिकटवून तो जव्हारचा म्हणून स्पर्धेत ठेवू नये.

बोलपट आला आणि मूकपटाच्या या कारागिराचे दिवस पालटले. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. 'राजा हरिश्चंद्र'चाही आज थोडाच भाग उरला आहे, आणि तो पाहताना नटांच्या कपड्यांवर उन्हाची तिरीप कुठून येते आहे हे अजून सांगता येते.