लोकमान्यांची शरीरसाधना

श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्माची अपरिहार्यता अर्जुनाच्या गळी उतरवताना भगवंतांनी दिलेले एक कारण अगदी साधे, घरगुती म्हणावे असे आहे. जो कर्म टाकून बसेल त्याची शरीरयात्राही नीट चालणार नाही, असा त्याचा भावार्थ. या वचनावरून आपली दृष्टी बहुधा घाईने पुढे सरकते. निष्काम कर्म, लोकसंग्रह, स्थितप्रज्ञता हे विषय इतके उत्तुंग आहेत की त्यांच्यापुढे देहाच्या पालनपोषणाची गोष्ट क्षुल्लक वाटावी. परंतु ज्या पुरुषाने या ग्रंथावर आधुनिक काळातील एक थोर भाष्य लिहिले, त्याच्या चरित्रात ही क्षुल्लक गोष्ट प्रारंभीच येते, आणि उतारवयात पुन्हा अधिक कठीण स्वरूपात येते. ते पुरुष म्हणजे लोकमान्य बाळ गंगाधर टिळक. त्यांचे राजकीय जीवन सर्वश्रुत आहे. येथे त्यांच्या चरित्राचा केवळ हाच एक धागा हाती घ्यावयाचा आहे.

टिळकांचा जन्म कोकणात रत्नागिरी येथे २३ जुलै १८५६ रोजी झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक, संस्कृताचे व गणिताचे चांगले जाणकार. १८६६ मध्ये त्यांची बदली पुण्यास झाली आणि त्याच वर्षी बाळची आई पार्वतीबाई निवर्तली. १८७१ मध्ये मुलाचे लग्न झाले व पुढच्याच वर्षी वडिलांचेही छत्र हरपले. सोळा वर्षांचा हा मुलगा मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला तेव्हा त्याच्या मागे उभे होते ते काका गोविंदराव आणि काकू. बुद्धी तीक्ष्ण, स्वभाव हट्टी, पण अंगकाठी मात्र कृश व दुर्बळ. मस्तकाच्या मानाने शरीर अगदीच किरकोळ, असे त्याचे रूप होते.

१८७३ च्या आरंभी तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला. मुळा-मुठा नदीच्या काठी, शहरापासून दूर, येरवड्याच्या बाजूस असलेली ती दगडी इमारत तेव्हा नवीनच होती. विद्यार्थी वसतिगृहात राहत. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी म्हटला की ग्रंथालय, टिपणे, प्राध्यापकांची मर्जी यांकडे त्याचे लक्ष असावयाचे. टिळकांनी मात्र मनाशी वेगळाच हिशेब मांडला. आपल्याला आयुष्यात पुष्कळ काम करावयाचे आहे, आणि हे शरीर त्या कामाचा भार सोसणार नाही, हे त्यांनी ओळखले. ते कोणा वैद्याने सांगितले नव्हते की कोणा वडीलधाऱ्याने बजावले नव्हते. मग ते वर्षच त्यांनी देहाला देऊन टाकले. व्यायामशाळा, कुस्ती, नदीत पोहणे, नाव वल्हवणे हाच त्यांचा अभ्यासक्रम झाला. पोहण्यात ते इतके तरबेज झाले की बराच वेळ पाण्यावर निश्चल पडून राहत. व्यायामाच्या जोडीला दूध व पौष्टिक आहार ठेवला, आणि पचनशक्ती वाढली तसा आहारही वाढवला.

परिणाम दोन झाले. शरीर पिळदार झाले, आणि वर्षाअखेरीच्या परीक्षेत टिळक नापास झाले.

या दुसऱ्या परिणामापाशी आपण क्षणभर थांबले पाहिजे. आज आपण त्या गोष्टीकडे सव्वाशेहून अधिक वर्षांच्या अंतरावरून पाहतो आणि पुढचे सारे वैभव ठाऊक असल्यामुळे ते अपयश आपल्याला गोड वाटते. पण त्या वेळी पोरक्या मुलाच्या पालनकर्त्या काकांना ते गोड वाटले असेल काय? एक वर्ष वाया गेले, त्या वर्षाचा खर्च वाया गेला, हुशार म्हणून नावाजलेला मुलगा मागे पडला. आपल्या घरातला मुलगा असे करून आला तर आपण त्याची पाठ थोपटणार नाही. मी तरी थोपटली नसती. टिळकांनी त्या वर्षाची किंमत स्वतः मोजली आणि त्याबद्दल पुढे कधी खंत केली नाही. देहाची जबाबदारी घ्यावयाची म्हणजे तिची किंमतही आपणच मोजावयाची, हे त्या वयात त्यांना उमजले होते, एवढेच यावरून दिसते.

त्याच काळातील एक आठवण त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. वसतिगृहातील एका मित्राला निरनिराळ्या तयार औषधांच्या बाटल्या घेण्याचा नाद होता. अशक्तपणा वाटला की एक बाटली, अपचन झाले की दुसरी. टिळकांनी एके दिवशी त्या बाटल्या खिडकीतून बाहेर भिरकावून दिल्या आणि त्या मित्राला व्यायामशाळेत येण्यास सांगितले. या गोष्टीचा विपरीत अर्थ मात्र कोणी करू नये. खऱ्या व्याधीवर वैद्याने दिलेले औषध फेकून देणे हा शहाणपणा नव्हे. टिळकांचा रोष औषधावर नव्हता. आळसाचे काम बाटलीकडून करून घेण्याच्या वृत्तीवर तो होता.

त्यानंतर त्यांनी अभ्यासही केला. गणितात पहिल्या वर्गात पदवी मिळवली आणि १८७९ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, १८८१ मध्ये केसरी व मराठा ही पत्रे निघाली, आणि कोल्हापूर प्रकरणातील लेखनाबद्दल १८८२ मध्ये ते व गोपाळ गणेश आगरकर मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस राहून आले. नदीकाठी कमावलेल्या शरीराची ती पहिली परीक्षा होती. त्याहून मोठी परीक्षा १८९७ मध्ये आली. त्या वर्षी पुण्यात प्लेगने कहर केला होता. शहर सोडून जाणारे पुष्कळ होते. टिळक शहरातच राहिले, हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय चालवण्यात पुढे झाले, रुग्णांमध्ये वावरले. त्याच वर्षी सप्टेंबरात राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. तुरुंगातील कालवणात कांदा-लसूण असे व तो ते खात नसत. मग कोरडी भाकरी पाण्याशी खाऊन दिवस काढावे लागले आणि वजन झपाट्याने घटले. १८९८ च्या सप्टेंबरात सुटका झाल्यावर सिंहगडाच्या हवेत त्यांनी प्रकृती सावरली, आणि वर्ष संपण्याच्या आत ते मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनास हजर होते.

येथपर्यंतची हकीकत वाचून कोणी म्हणेल, तरुणपणी एकदा शरीर कमावले की जन्माची चिंता मिटली. तसे असते तर हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते. पत्रांचे लेखन, खटले, सभा, प्रवास, जागरणे यांत त्यांची पुढची वर्षे गेली. १९०३ मध्ये थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगाने दगावला. सुपारी तर त्यांच्या तोंडात सतत असे, आणि ती सवय त्यांनी मोडली नाही. थोर पुरुषाच्या चरित्रातील असा एखादा डाग झाकून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, पण त्यामुळे चरित्र वाचणाऱ्या सामान्य माणसाचे नुकसानच होते. तात्पर्य, पन्नाशीच्या सुमारास मधुमेहाने त्यांना गाठले. कमावलेले शरीर ही ठेव असते, आणि ठेवीतून काढतच राहिले तर ती कधीतरी आटते.

२२ जुलै १९०८ रोजी, वयाची ५२ वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, त्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. प्रथम साबरमती आणि सप्टेंबरात ब्रह्मदेशातील मंडाले. तेथील उन्हाळा भाजून काढणारा, कोठडी लाकडी गजांची, वारा, धूळ व ऊन सारे आत येणारे. सोबतीला व्याधी.

त्या काळी मधुमेह म्हणजे काय होते, हे आजच्या वाचकाने ध्यानी घ्यावे. इन्शुलिनचा शोध कॅनडातील टोरोंटो येथे १९२१ मध्ये लागला आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम रुग्णाला दिले गेले. टिळक मंडालेस होते तेव्हा जगातील कोणत्याही डॉक्टरापाशी पथ्यावाचून दुसरे खरे शस्त्र नव्हते. रोग ताब्यात ठेवावयाचा तर तो जेवणाच्या पानावरच ठेवावा लागे. टिळकांनी साखर, भात व गहू वर्ज्य केले आणि सातूचे पीठ, दूध, दही यांवर आपला आहार बसवला. त्यांच्या स्वयंपाकासाठी सातारा जिल्ह्यातील एक कैदी, कुलकर्णी नावाचे गृहस्थ, देण्यात आले होते. सातूच्या पिठाच्या पुऱ्या, दही व दूध हे त्या कोठडीतले नित्याचे अन्न.

सातूची निवड अंधारातली नव्हती. चरकसंहितेच्या प्रमेहचिकित्सेत सातूला, म्हणजे यवाला, प्रमेही माणसाचे मुख्य अन्न मानले आहे, आणि सुश्रुताने अशा रुग्णाला अनवाणी शेकडो योजने चालावयास सांगितले आहे. आधुनिक विज्ञानालाही त्यातील तथ्य मान्य आहे. सातूत पाण्यात विरघळणारा एक चिकट तंतुमय अंश पुष्कळ असतो. त्यामुळे अन्नातील पिष्ट सावकाश पचते व रक्तातील साखर एकदम चढत नाही. शतयोजने चालणे कैद्याच्या नशिबी कोठून असणार? भिंतीने वेढलेल्या आवारात फेऱ्या घालणे एवढेच त्यांच्या हाती होते, आणि जे हाती होते ते त्यांनी सोडले नाही. पहाटे उठणे, ईश्वरचिंतन, स्नान, ठरल्या वेळी मोजके जेवण, वाचन व लेखन असा दिनक्रम त्यांनी आखून घेतला. कैद्याचे स्वातंत्र्य सरकारने काढून घेतलेले असते. काय खावे यापेक्षा काय खाऊ नये, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य मात्र त्याच्यापाशी उरते. टिळकांनी ते एक दिवसही वाया घालवले नाही असे दिसते.

आता आपल्या घरांकडे वळू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. काशीपासून कन्याकुमारीपर्यंत कोणत्याही गृहस्थाच्या घरात डोकावले तरी त्यातला एखादा भेटेल. औषध घेण्यास तो चुकत नाही, पण सणाचा लाडू पुढे आला की यजमानाचे मन मोडू नये म्हणून तो खातो. फिरावयास जाण्यास त्याला वेळ नसतो. पथ्याची जबाबदारी पत्नीवर, साखर तपासण्याची जबाबदारी मुलावर आणि उरलेली सारी प्रारब्धावर असते. घरच्या मंडळींनी मायेने वाढावे हा गृहस्थाश्रमाचा धर्मच आहे. तथापि वाढलेल्या पानातून काय उचलावे, हे ठरवणारा हात ज्याचा त्याचाच असतो. आहार-विहारात युक्तता असावी, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्यासाठी सांगितले आहे. तेथेही अतिभोजन व उपवासाचा अतिरेक या दोन्ही टोकांना नकार आहे, आणि सतराव्या अध्यायात तर देहाला व्यर्थ पिडणाऱ्या तपाचा निषेधच आहे. मंडालेच्या कोठडीतील पथ्य हे त्या मधल्या वाटेचे होते. ते देहदंडन नव्हते. पुढे करावयाच्या कामासाठी देह राखणे होते.

ते काम कोणते हे आता सर्वांना ठाऊक आहे. १९१०-११ च्या हिवाळ्यात, चार-पाच महिन्यांत, त्यांनी शिसपेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढले. व्याधी जडलेल्या, पन्नाशी उलटलेल्या, घरापासून तुटलेल्या माणसाने तेवढ्या अवधीत तेवढा ग्रंथ लिहावा याचे श्रेय आपण त्यांच्या बुद्धीला देतो, व ते यथार्थ आहे. पण रोज ठरल्या वेळी लिहावयास बसू शकणारे शरीर त्या बुद्धीखाली होते, हेही विसरता येत नाही. ज्ञानोत्तरही कर्म सोडू नये असे प्रतिपादणारा ग्रंथकार कोठडीत स्वतःच्या पानातील घास मोजत होता.

१९१२ च्या जूनमध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्या. ती वार्ता त्यांना मंडालेतच कळली. १९१४ च्या जूनमध्ये एका मध्यरात्री सरकारने त्यांना पुण्यात आणून घरी सोडले. हस्तलिखित काही काळाने परत मिळाले आणि १९१५ च्या जूनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. मधुमेह गेला नव्हता. तो तसा जाणारा रोगच नव्हे. पण साठीच्या उंबरठ्यावरील त्या माणसाने १९१६ मध्ये होमरूल लीग उभी केली, गावोगाव व्याख्याने दिली, आणि १९१८ मध्ये वयाच्या बासष्टाव्या वर्षी विलायतेला जाऊन तेथील कडाक्याच्या थंडीत वर्षभर काम केले.

१९२० च्या जुलैत मुंबईच्या सरदारगृहात त्यांना ताप आला, तो वाढत गेला, आणि १ ऑगस्ट रोजी ६४ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते विद्यार्थी असताना राहत असत ती खोली त्यांचे स्मारक म्हणून जपून ठेवण्यात आली आहे. पुण्यास जाण्याचा योग आला तर वाचकांनी ती अवश्य पाहावी. नदी तेथून फार दूर नाही.